नको म्हणायची मुभा

"हाउ मेनी डेज?"

मी फळ्यावर माझं नाव लिहीत होते, ते पुरं व्हायच्या आत दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं. दहा-अकरा वर्षांची असेल. डोक्याला जांभळा रुमाल, पुढ्यात अर्धी भरलेली वही. मी वळून म्हटलं, "फिफ्टीन." तिने शेजारणीकडे पाहिलं, दोघींनी माना हलवल्या आणि वह्या उघडल्या. नंतर मी तिची वही चाळली. 'माय नेम इज' आणि 'आय ॲम फ्रॉम' ही दोन वाक्यं त्या वहीत चार वेगवेगळ्या पानांवर लिहिलेली होती. चार वेळा कुणीतरी आलं होतं, चारही वेळा त्याच दोन वाक्यांपासून सुरुवात झाली होती, आणि तिसऱ्या-चौथ्या धड्यापर्यंत पोचेस्तोवर शिकवणारं माणूस निघून गेलं होतं. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं. आलेल्या माणसाला आधी काय विचारून घ्यायचं, तेवढं मात्र पक्कं येत होतं.

ही गोष्ट एप्रिल २०२४ची. गाव मोरोक्कोतलं, माराकेशहून दीडेक तासावर, ॲटलास पर्वताच्या पायथ्याचं. त्याच्या सात महिने आधी, ८ सप्टेंबर २०२३ला रात्री अकरा वाजून गेल्यावर, याच अल हौज प्रांतात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि २,९००हून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत जी-२० परिषद सुरू होत होती. पंतप्रधानांनी भाषणाची सुरुवातच मोरोक्कोच्या लोकांचं दुःख वाटून घेत आणि मदतीची तयारी दाखवत केली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, मी नऊ वर्षांची होते.

आमच्या भागातली माणसं भूकंपाची बातमी वेगळ्या कानाने ऐकतात. मेलेल्यांचा आकडा नंतर. आधी मनात येतं, घरं कशाची होती? ॲटलासमधली घरं दगडाची आणि ठोकून बसवलेल्या मातीची होती. भिंती जाड, वर लाकडं टाकून मातीचं सपाट छत. म्हणजे आमची माळवदंच. वेळ रात्रीची, माणसं आत निजलेली. असं घर पडलं की मधे पोकळी राहत नाही, माती नाकातोंडात जाते. किल्लारीला, सास्तूरला, मंगरूळला तेच झालं होतं. म्हणून मी जायचं ठरवलं. रजा साठवली, स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका मध्यस्थाकडे पैसे भरले, त्यांनी 'भूकंपग्रस्त मुलांना इंग्रजी शिकवणे' असं काम दिलं. तो वर्ग म्हणजे वर सांगितला तोच.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतली मुलं आता दीड-दोन महिन्यांसाठी इजिप्त, ट्युनिशिया, मोरोक्कोला स्वयंसेवक म्हणून जातात. आयटीतली माणसं बिनपगारी रजा टाकून जातात. जर्मनी, नेदरलँड्समध्ये नोकरीला असलेल्या आपल्या मुलांना तर माराकेश काही तासांवरच आहे. त्यांच्या मनात खोट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, माझ्याही मनात नव्हती. पण तिथे आणि त्याआधी लहानपणी आमच्या गावात जे पाहिलं, त्यावरून माझं एक मत झालं आहे आणि ते मी ठामपणे मांडणार आहे. जिथे घेणाऱ्याला 'नको' म्हणायची मुभा नाही, तिथे मदत करायला आपण जाऊ नये. पैसे भरून नाही, फुकट नाही, पंधरा दिवसांसाठी नाही आणि पंधरा महिन्यांसाठीही नाही.

'नको'पाशी मी इतकी का अडते, ते सांगते.

भूकंपानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी आमच्या शाळेच्या मैदानात कपड्यांचा ट्रक रिकामा झाला. पाऊस लागून राहिला होता. आम्हाला हवी होती ताडपत्री, कंदिलासाठी रॉकेल आणि कोरडी चूल. एका ताईने माझ्या आईच्या हातात स्वेटर ठेवला. बाप्या माणसाचा, गडद हिरवा, एका कोपराशी उसवलेला. आईने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि त्यांना नमस्कार केला. त्या गेल्यावर मी म्हटलं, आई, हा कुणाला होणार? आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नको म्हणलं तर वाईट वाटंल त्येंला. लांबून आलेत."

घर आमचं पडलं होतं आणि मन आई त्यांचं सांभाळत होती. तो स्वेटर पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे चुलीवरची भांडी उतरवायला होता.

त्या दिवसांत महाराष्ट्रभरातून आलेल्या माणसांनी आमच्या गावांतली प्रेतं काढली, भर पावसात चिता रचल्या, जखमींना सोलापूर-लातूरला नेलं. ते ऋण फिटायचं नाही. त्यांना कुणी नको म्हटलं नसतं, कारण ते जे करत होते ते डोळ्यांसमोर पडलेलं काम होतं. ढिगाऱ्याखालून आवाज येत असेल तर परवानगी कुणाची मागायची? पहिल्या तीन-चार दिवसांचा न्याय वेगळा असतो. माझं भांडण त्यानंतरच्या मदतीशी आहे. ती सवडीने, ठरवून, तिकीट काढून येते, आणि नेमकी तीच कुणाला काही विचारत नाही.

मोरोक्कोच्या सरकारने पहिल्या काही दिवसांत स्पेन, ब्रिटन, कतार आणि संयुक्त अरब अमिराती या चारच देशांची मदत घेतली. बाकीच्यांना थांबवलं, त्यात फ्रान्सही होता. फ्रान्समध्ये यावर बरंच वादळ उठलं. माणसं मरतायत आणि यांना मानापमान सुचतोय, असा सूर होता. मोरोक्को १९१२ ते १९५६ फ्रान्सच्या ताब्यात होता हे लक्षात घेतलं तर 'आम्ही येतोच' या शब्दांचा तिथे कसा आवाज होतो ते कळेल. अरुंद घाटरस्ते दरडींनी अडलेले, त्यावर कासाब्लांका-रबातहून सामान भरून निघालेल्या साध्या नागरिकांच्या गाड्यांची रांग. अशा वेळी कोणती पथकं घ्यायची आणि किती, हे यजमानाने ठरवणं मला गैर वाटत नाही. २००४च्या त्सुनामीनंतर आपणही परक्या सरकारांची मदत नको म्हटली होती. तेव्हा आपल्याला त्यात स्वाभिमान दिसला होता.

पण इथे एक पाऊल पुढे जायला हवं, नाहीतर माझं म्हणणं सोयीचं होऊन बसेल. राजधानीने म्हटलेलं 'नको' आणि डोंगरातल्या बाईने म्हटलेलं 'नको' एकच नसतं. पूर्ण पडलेल्या घरासाठी १,४०,००० दिरहम, अर्धवट पडलेल्यासाठी ८०,०००, शिवाय वर्षभर महिना २,५०० दिरहम, असं सरकारने जाहीर केलं. पैसे आले, पण सगळ्यांना नाही. आपलं नाव यादीत का नाही म्हणून लोक विचारत राहिले. वर्ष उलटून गेलं तरी पुष्कळ कुटुंबं तंबूत होती. या लोकांच्या संघटनेच्या प्रमुखाला डिसेंबर २०२४मध्ये अटक झाली. म्हणजे ज्या देशाने जगाला नको म्हणायचा हक्क बजावला, त्याच देशातल्या खेड्याला आपल्याच सरकारपुढे तो हक्क मिळाला नाही. बाहेरून आलेला स्वयंसेवक या फटीत येऊन उभा राहतो. त्याला वाटतं तो गावाकडे आलाय. गावाला वाटतं हा वरून आलाय, कुणीतरी पाठवलाय, याला नाही म्हटलं तर यादीतून नाव जाईल. आमच्याकडेही तसंच वाटायचं. कॅमेरा घेऊन आलेल्या प्रत्येकाला आम्ही सरकारी समजायचो आणि सांगतील तिथे उभे राहायचो.

माझे पंधरा दिवस पुरे व्हायच्या आधीच मी तो वर्ग सोडला. तिथल्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक होता, नीट शिकलेला. २०२३-२४पासून मोरोक्कोने माध्यमिक शाळांच्या सुरुवातीच्या इयत्तांपासून इंग्रजी सगळीकडे न्यायला सुरुवात केली आहे, तेव्हा इंग्रजीची गरज खोटी नाही. ही मुलं घरी ताशल्हीत ही डोंगरातली भाषा बोलतात, बाजारात दारिजा म्हणजे तिथली बोली अरबी, शाळेत पुस्तकी अरबी आणि फ्रेंच. इंग्रजी त्यांची पाचवी भाषा. पाच भाषांच्या वाटेवर निघालेल्या पोरांना मी 'ए फॉर ॲपल' शिकवत होते, तेही त्यांच्या शिक्षकाचा तास घेऊन. त्या शिक्षकाला विचारलं, तुम्हाला माझा उपयोग काय झाला असता? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, माझ्याशी रोज तासभर इंग्रजीत बोलला असता तर बरं झालं असतं, मला सराव नाही. हे मला आधी कुणी विचारायला सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. उरलेले चार दिवस आम्ही शाळा सुटल्यावर पायरीवर बसून बोललो. माझ्या हातून तिथे झालेलं खरं काम तेवढंच.

तिथून मी वर डोंगरात गेले. एका घरी पैसे देऊन पाहुणी म्हणून राहिले. त्या घरची थोरली मुलगी माराकेशला शिकत होती, सुट्टीला आली होती, तिला इंग्रजी येत होतं. पहिल्याच संध्याकाळी खोलीत पाठ टेकली आणि वर पाहिलं. लाकडी वासे, त्यावर वेत, त्यावर माती. औशापासून इतक्या दूर मी माळवदाखाली झोपले होते. छताच्या एका कोपऱ्यात तडा होता, त्याखाली कुणी झोपत नव्हतं. गाद्या सगळ्या दाराच्या बाजूला ओढलेल्या. आमच्याकडेही भूकंपानंतर सगळ्या घरांत अंथरुणं दारापाशीच आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातली माणसं टिकाव-फावडी घेऊन निघाली. दरड कोसळून पाट बुजला होता, तो मोकळा करायचा होता. पाटाला ताशल्हीतमध्ये तार्गा म्हणतात. त्याचं पाणी घराघराला पाळीने मिळतं, आणि पाट बुजला की प्रत्येक घरातून एक माणूस कामाला येतो. या मिळून करायच्या कामाला ते तिविझी म्हणतात. कुणाचं घर बांधायचं असो, कापणी असो, तिविझी लागते. कोणी यायचं, कधी यायचं हे जमाअ, म्हणजे गावाची बैठक, ठरवते. शब्द ओळखीचा वाटला ना? आपली 'जमात' त्याच अरबी मुळातली. आणि तिविझी ऐकल्याबरोबर मला आजोबांच्या तोंडचा शब्द आठवला, इर्जिक. एकाच्या शेतात सगळ्यांनी औतं घालायची, त्याने जेवण घालायचं, उद्या दुसऱ्याच्या शेतात. कोकण-देशावर सावड म्हणतात तीही अशीच. मोबदल्याचा हिशेब नसतो, पण हिशेबच नसतो असंही नाही. आज तू आलास, उद्या मला यावं लागेल, हे सगळ्यांना माहीत असतं.

मी म्हटलं, मी येऊ? घरच्या मुलीने तिच्या आजोबांना विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या बुटांकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि होकार दिला. पाटावर गेल्यावर मी एक टिकाव उचलला. दोन घाव घातले असतील, एवढ्यात एक बाई आली, पन्नाशीची, पाठीवर गवताचा भारा तसाच. तिने काही न बोलता माझ्या हातून टिकाव काढून घेतला, बाजूच्या पोराला दिला आणि माझ्या हातात पाटी दिली. मग हाताने दाखवलं: तिथे उभी राहा, हा दगड देईल, तू पुढच्याला द्यायचा. मी दुपारपर्यंत दगड पुढे देत राहिले. मधे पुदिन्याचा चहा आला, साखरेच्या शंकूचा तुकडा किटलीत टाकून केलेला, आणि घरची रोटी. कुणी माझे आभार मानले नाहीत. संध्याकाळी पाटातून पाणी आलं तेव्हा पोरं त्याच्या पुढे पुढे धावत गेली.

तो टिकाव हातातून काढून घेतला गेला, त्या क्षणाचं मोल मला तेव्हाच कळलं. इथल्या माणसांना मला नको म्हणता येत होतं. कामाचा मालक कोण, हे पक्कं होतं. मी नसते तरी पाट मोकळा झाला असता, आणि म्हणूनच मी असायला हरकत नव्हती.

'मी काय देऊ शकते?' हा प्रश्न मनात घेऊन आपण निघतो आणि तिथेच घोटाळा होतो. तिथे आधीपासून चालू असलेलं काम कोणतं, त्याचा मालक कोण, त्याला माझा हात हवा का, तो मला परत पाठवू शकतो का? हे विचारायला भाषा लागते, वेळ लागतो, ओळख लागते. पीस कॉर्प्स हा अमेरिकन सरकारचा कार्यक्रम मोरोक्कोत १९६३पासून आहे. त्यांचा स्वयंसेवक २७ महिन्यांसाठी जातो आणि त्यातले पहिले जवळपास तीन महिने भाषेवर घालवतो. अमेरिकेच्या राजकारणाबद्दल मला पुष्कळ म्हणायचं आहे, पण ही रीत बरोबर आहे. अशाच काही जुन्या स्वयंसेवकांनी २०००मध्ये हाय ॲटलास फाउंडेशन सुरू केलं. गावांनी त्यांच्याकडे काय मागितलं? फळझाडं. अक्रोड, बदाम. रोपवाटिकेला जागा नव्हती, तेव्हा ज्यू समाजाने आपल्या जुन्या दफनभूमीलगतची जमीन दिली, आणि तिथे मुसलमान शेतकरी रोपं वाढवतात. बाहेरून आलेल्याला ही जोडणी पंधरा दिवसांत सुचलीच नसती.

आणि आपल्याकडे तर यापेक्षा जवळचं उदाहरण आहे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले. त्यांना चीननेच बोलावलं होतं, जनरल चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले होते. कोटणीस शल्यक्रिया जाणणारे होते, तिथे जाऊन चिनी शिकले, तिथेच लग्न केलं, तिथेच १९४२मध्ये गेले. सगळ्यांनी तसं आयुष्य द्यावं असं मी म्हणत नाही. पण मागणी आधी, मग कसब, मग भाषा, मग मुक्काम, हा क्रम त्यांच्याकडून घ्यायला काय हरकत आहे? आपण बहुतेकदा मुक्कामापासून सुरुवात करतो आणि मागणीपर्यंत पोचतच नाही.

दुसरं उदाहरण तर माझ्या गल्लीतलं. भूकंपानंतर आमच्या भागात घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक केलं. आमच्या आळीतल्या एक काकू त्यांत होत्या, चौथी शिकलेल्या. दगडी भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड कुठे बसवायचे, छतावरच्या मातीचं ओझं कसं उतरवायचं, हे त्या शिकल्या आणि इंजिनियरला अडवून विचारू लागल्या. २००१च्या जानेवारीत कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशा बायका तिकडे गेल्या. मदत घेतलेल्या बायका मदत घेणाऱ्या बायकांकडे. काकू सांगायच्या, तिथे गेल्यावर आम्ही पहिले दोन दिवस नुसतं ऐकलं, मग त्यांनीच विचारलं तुमचं घर कसं पडलं होतं. माझ्या मते परदेशी किंवा परप्रांती जाणाऱ्या स्वयंसेवकाचं याहून चांगलं चित्र नाही. ॲटलासमधल्या बायकांकडे किल्लारीच्या बायका गेल्या असत्या तर भाषेचा डोंगर आडवा आला असता, तरी भिंतीवर हात ठेवून दोघींना एकमेकींचं कळलं असतं.

भिंतीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे माझंही चुकलं होतं. मोरोक्कोत सध्या वाद आहे, पुन्हा घरं बांधायची ती सिमेंटची की मातीची? सलीमा नाजी या तिथल्या वास्तुरचनाकार आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आहेत. त्यांनी जुनी सामाईक कोठारं दुरुस्त केली आहेत. माती आणि दगड नीट वापरले तर घर टिकतं, सिमेंट त्या हवेत थंडीत गार आणि उन्हाळ्यात तापतं, असं त्या सांगतात, आणि मला ते पटतं. म्हणून मी त्या घरच्या सुनेला उत्साहाने म्हटलं, तुमची मातीची घरं किती छान, तशीच ठेवा. मुलीने भाषांतर केलं. सुनेने तड्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "मग आज तिथे तू झोप."

मी नाही झोपले.

आवडीचं घर दुसऱ्याने ठेवावं, हेसुद्धा लादणंच आहे. सलीमा नाजींना ते म्हणायचा अधिकार आहे, त्या तिथल्या आहेत, त्यांचं आयुष्य त्या भिंतींत गेलं आहे, आणि गाव त्यांच्याशी भांडू शकतं. माझ्याशी भांडायचं गावाला काही कारण नव्हतं, तरी ती सून भांडली. मला त्याचा आनंद झाला. आईला त्या दिवशी असं भांडता आलं असतं तर!

लहान मुलांचं काय? या बाबतीत मी जराही सवलत द्यायला तयार नाही. अनाथालयात पंधरा दिवस जाऊन मुलांशी खेळणं, त्यांना कवेत घेऊन फोटो काढणं, आणि मग निघून येणं, हे थांबायलाच हवं. मोठं माणूस निदान मनात तरी नको म्हणतं. दोन वर्षांचं मूल तेही म्हणू शकत नाही, ते प्रत्येकाच्या गळ्यात पडतं. दर पंधरवड्याला नवा गळा. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने पालक सोबत नसलेल्या मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली ती उगीच नाही. संकटात पोरकी पोरं हेरणारी माणसंही निघतात. मुलांची जबाबदारी घ्यायचीच असेल तर ती कशी घेतात हेही आमच्याकडे पाहायला मिळालं. भारतीय जैन संघटनेने १९९३मध्ये आमच्या भागातली १,२०० मुलं पुण्याला नेली आणि शिकवून मोठी केली. त्या मुलांना 'हाउ मेनी डेज' असं विचारावं लागलं नाही.

मला माहीत आहे, याला उत्तर येईल. अशा प्रवासाने आपली मुलं बदलतात. मुसलमान देशाबद्दलची भीती जाते, आपल्यासारखीच माणसं दिसतात, चार घास त्यांच्या ताटात खाल्ले की डोक्यातलं जळमट निघतं. हे अगदी खरं आहे आणि आजच्या दिवसांत फार मोलाचं आहे. माझंही तसंच झालं. पण हा फायदा आपला आहे. तो हवा असेल तर उघडपणे प्रवासी म्हणून जा. डोंगरातल्या घरात खोली घ्या, वाटाड्या घ्या, खेचरवाल्याला पुरे पैसे द्या, बायकांच्या सहकारी संस्थेतून अरगानचं तेल घ्या. भूकंपानंतर तिथले लोक हेच सांगत होते, बुकिंग रद्द करू नका, या. ऑक्टोबर २०२३मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीची वार्षिक सभा ठरल्याप्रमाणे माराकेशलाच झाली, आणि २०२४मध्ये मोरोक्कोत १ कोटी ७४ लाख पर्यटक गेले. त्यातला किती पैसा डोंगरात चढतो हा वेगळा प्रश्न आहे, म्हणूनच तर वर चढून जायचं. पैसे देणाऱ्या पाहुण्याला यजमान सांगू शकतो, आज खोली नाही, हे आमच्यात चालत नाही, चपला बाहेर. या व्यवहारात दोघांची मान ताठ राहते. मी मध्यस्थाला भरलेल्या पैशांत त्या डोंगरातल्या घरी अडीच महिने राहता आलं असतं. हा हिशेब मी परतीच्या विमानात केला आणि तो अजून मला टोचतो.

शिवाय श्रमाची सवय लावायची तर त्याला मोरोक्को कशाला? बाबा आमट्यांनी १९६७मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रम-संस्कार छावणी सुरू केली, ती आनंदवनापासून फार लांब नाही आणि मराठीत चालते. कॉलेजच्या मुलांनी आधी तिथे आठ दिवस माती उचलावी. आपल्याच भाषेतल्या माणसाने 'बाळा, हे असं नाही' म्हटलेलं ऐकायची सवय झाली की परक्या भाषेतला तोच अर्थ हातवाऱ्यांतून कळतो.

निघायच्या दिवशी मी त्या डोंगरातल्या घरच्या थोरल्या मुलीला विचारलं, पुन्हा कधी येऊ? ती म्हणाली, विचारून ये. म्हणून या वर्षी मी विचारलं. अक्रोड सप्टेंबरात झोडतात, त्याला हात लागतात हे मी पाहिलं नव्हतं पण तिने सांगितलं होतं. मी लिहिलं, सप्टेंबरात येऊ का, दहा-बारा दिवस आहेत, खोलीचे पैसे देईन, पाटी उचलीन. आठ दिवसांनी फोनवर तिचा निरोप आला. आजीला बरं नाही, घरात पाहुणे नको आहेत. अक्रोडाला मामाची पोरं येणार आहेत. पुढच्या वर्षी वसंतात पाट साफ करायचाय, तेव्हा विचार.

मी कॅलेंडरवर मार्चच्या पानावर खूण केली आहे. विचारायची.